उघडमिटीचा फाळ

व्हर्लिन स्कारने चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. नोर्डालच्या टेकड्यांमधला एकही गोठा असा नव्हता, जिथलं कुत्रं त्याच्या गाडीचा आवाज ओळखत नव्हतं. पण पंचक्रोशीत त्याला कोणी टँकरवाला म्हणत नसे. त्याची ओळख होती ती धनुष्याची. बावीस वर्षं, दर ऑगस्टमध्ये, अग्निशमन दलाच्या गाड्या बाहेर अंगणात काढून त्या रिकाम्या शेडमध्ये तो वनखात्यातर्फे नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. फुकट. मचाण कुठं बांधायचं, वारा कसा ओळखायचा, बाण कधी सोडायचा आणि मुख्य म्हणजे कधी सोडायचा नाही, हे सगळं तो खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत फिरत, हातवारे करत सांगायचा. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात चाळिशीच्या आतला जो कोणी धनुष्य हाती धरत होता, तो बहुतेक व्हर्लिनच्या हाताखालून गेलेला.

वर्गात तो एक गोष्ट आवाज चढवून सांगायचा. "नेम चुकला तर हरकत नाही. बाण मातीत गेला, तर उपटून घरी या. पण हरीण जखमी करून, न शोधता घरी जाऊन जेवलात, तर मला पुन्हा तोंड दाखवू नका." मग तो फळ्यावर एका बाईचा फोन नंबर लिहायचा. तिच्याकडे रक्ताचा माग काढणारं कुत्रं होतं. "लाज वाटली तरी हिला बोलवायचं," तो म्हणायचा. "लाज तुमची आहे. जीव हरणाचा आहे."

त्या वर्षी मार्चमध्ये व्हर्लिनच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वय अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले, धनुष्याचं पुढच्या वर्षी बघू. व्हर्लिनने मान डोलावली आणि ऑगस्ट उजाडताच तळघरात उतरून स्वतःच्या, टोकांना कप्प्या लावलेल्या धनुष्याचे स्क्रू सैल केले. बासष्ट पौंडांचा ताण एक्केचाळीसवर आणला, तेव्हा कुठे त्याला दोरी गालापर्यंत ओढता आली. हे फक्त त्याच्या बायकोला, आर्डिसला ठाऊक होतं. तेही ती चुकून जिना उतरून खाली आली होती म्हणून.

त्याच ऑगस्टच्या वर्गात काओली मौआ नावाची एक बाई आली. वय चौतीसच्या आसपास, नोर्डालच्या दातांच्या दवाखान्यात काम करणारी, आग्नेय आशियातून येऊन वसलेल्या ह्मोंग समाजातली. तिचे वडील आणि भाऊ बंदुकीने शिकार करायचे; तिला धनुष्य शिकायचं होतं. अंगाने बारीक, धनुष्य चाळीस पौंडांचं. फाळांच्या, म्हणजे बाणाच्या टोकाला लावायच्या धारदार पात्यांच्या, धड्याला सगळ्यांनी आपापले फाळ आणायचे असत. तिने आणलं होतं मोठ्या शहरातल्या दुकानदाराने गळ्यात मारलेलं एक चकचकीत पाकीट. उघडमिटीचे फाळ. हवेतून जाताना पाती मिटलेली, आणि हरणाला लागताक्षणी फटकन दोन्ही बाजूंना उघडणार, दोन इंच रुंद.

व्हर्लिनने पाकीट वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"मौआबाई, पाऊस येणार आहे का?"

तिला कळेना. "नाही सर. का?"

"मग ही छत्री कशाला आणलीत?"

शेड हसली. व्हर्लिनला रंग चढला. त्याने एक फाळ काढून बोटाने उघडून दाखवला. "ही छत्री उघडायलाच बाणाची अर्धी ताकद जाते. साठ-पासष्ट पौंडांचं धनुष्य असेल तर ठीक आहे, ताकद उरते. चाळीसवाल्याने मारली, तर छत्री चामड्याशीच उघडते आणि तिथंच बसते. हाडाला लागली, तर मग विचारूच नका. हलक्या धनुष्याला पक्क्या पात्यांचा, अरुंद, दोन धारांचा फाळ. चाकूसारखा. तो आत जातो."

"पण सर, दुकानदार म्हणाला हे सरळ उडतात."

"उडतातच. पाती मिटलेली असली की वारा धरत नाहीत. पक्का फाळ मात्र वारा धरतो, आणि तुमचा हात हलला की लगेच चुगली करतो. म्हणून आळशी लोकांना छत्री आवडते."

पुन्हा हशा. काओलीसुद्धा हसली, पण कान लाल झाले होते. दुसऱ्या आठवड्यात तिने ते पाकीट परत करून पक्के फाळ आणले आणि रोज संध्याकाळी दवाखान्यामागच्या गवतात सराव सुरू केला. व्हर्लिनने मात्र छत्रीची गोष्ट डोरीनच्या हॉटेलात सकाळच्या कॉफीवर दोन-तीनदा तरी रंगवून सांगितली. लोकांना ती आवडली. काओलीचं नाव तिथं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, "छत्रीवाली" राहिलं.

सप्टेंबरात व्हर्लिनने स्वतःचे पक्के फाळ लावून परसात सराव केला. सरावाची गोल टोकं वीस पावलांवरून तळहाताएवढ्या जागेत बसत होती. फाळ लावला की बाण डावीकडे. एक डावीकडे, दुसरा खाली, तिसरा पार लाकडाच्या चौकटीत. कारण त्याला पहिल्या दिवशीच समजलं होतं. सोडताना खांदा दगा देत होता. फाळ चुगली करत होता.

उपाय त्याला सगळे ठाऊक होते. बावीस वर्षं तेच तर शिकवत होता. यंदा घरी बसायचं. नाहीतर दहा पावलांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. नाहीतर चापाचं आडवं धनुष्य घ्यायचं, जे ओढून धरावं लागत नाही. त्याला तो आजवर "म्हाताऱ्यांची काठी" म्हणत आला होता. त्याने यातलं काही केलं नाही. एका मंगळवारी आर्डिसला खिळे आणायला जातो असं सांगून तो चाळीस मैल दूरच्या शहरात गेला. गावात रॉली हावलिचेकचं धनुष्यबाणांचं दुकान होतं, पण रॉली म्हणजे बालमित्र आणि तोंडाचा फाटका. त्या शहरात व्हर्लिनला कोणी ओळखत नव्हतं.

दुकानातल्या तरण्या विक्रेत्याने आपुलकीने विचारलं, "काका, धनुष्य किती पौंडांचं?"

"साठ," व्हर्लिन म्हणाला.

"मग झक्कास! हे घ्या. सरावाच्या टोकासारखे उडतात."

आणि खरंच उडाले. परसात तीन बाण तीन बोटांच्या अंतरात बसले. व्हर्लिन एकटाच उभा राहून हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपण आजारी माणूस नाही असं वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, त्याच्या मचाणासमोर एक तरणा नर आला. सहा टोकांची शिंगं. अठरा पावलं. तो आडवा उभा नव्हता. छाती व्हर्लिनकडे थोडी वळलेली होती, म्हणजे खांद्याचं हाड मध्ये. असा बाण सोडायचा नाही, हे व्हर्लिनने फळ्यावर चित्र काढून शेकडो लोकांना शिकवलं होतं. पण दोरी ओढून झाली होती, खांदा जळायला लागला होता, आणि आता सोडली नाही तर पुन्हा ओढता येणार नाही हे त्याला आतून समजलं होतं. त्याने सोडली.

आवाज आला तो फळीवर टकटक केल्यासारखा. नर उसळला, आणि खांद्यात जेमतेम चार बोटं रुतलेला बाण हलत-डुलत त्याच्याबरोबर झाडीत गेला.

व्हर्लिन अर्धा तास मचाणावरच बसला. मग उतरला. थेंब थेंब रक्त होतं, तेही तुटक. कुंपणापाशी बाणाचा मागचा अर्धा भाग पडलेला मिळाला, पिसांसकट. पुढे गेलन ब्रेकचं मक्याचं शेत. त्या शेतात शिरायला ब्रेकला विचारायला हवं होतं. त्या कुत्र्यावाल्या बाईला फोन करायला हवा होता. नंबर त्याला पाठ होता. पण जो कोणी मदतीला आला असता, त्याने हरीण सापडल्यावर फाळ बघितला असता. व्हर्लिनने फोन खिशातून काढला आणि परत खिशात ठेवला.

दुपारपर्यंत तो कुंपणाच्या अलीकडेच फिरला. दुसऱ्या दिवशीही फिरला. बाणाच्या तुकड्याचे त्याने गुडघ्यावर चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी, अंड्यांच्या टरफलांखाली, कोंबले. आर्डिसने विचारलं, "दिसलं का काही?" तो म्हणाला, "काही नाही." आणि जेवायला बसला. पहिला घास तोंडात घालताच त्याला स्वतःचं वर्गातलं वाक्य आठवलं. त्याने पाणी पिऊन घास गिळला.

नर मेला असता, तर गोष्ट कोणाला कळलीही नसती. तो मेला नाही. आठवड्याने तो चर्चच्या मागच्या कबरस्तानात दिसला, तीन पायांवर चालणारा, खांद्यातून बाणाचा काळा खुंट बाहेर आलेला. मग शाळेच्या मैदानाकडेला दिसला. कोणीतरी फोटो काढला. डोरीनच्या हॉटेलात तो फोटो पॅनकेकच्या ताटांवरून हातोहात फिरला.

"कसाई आहे कोणीतरी," रॉली म्हणाला. "कसाई तरी बरा, तो काम पुरं करतो."

"हलक्या धनुष्याचं काम दिसतंय," ब्रेक म्हणाला. त्याची शंभर गाई आणि चारशे एकर रान. तो तोलूनमापून बोलायचा. "बाण आत गेलेलाच नाही." मग तो थोडा थांबला. "माझ्या खालच्या रानात ती दवाखान्यातली बाई बसते यंदा. मीच परवानगी दिली."

"छत्रीवाली?" रॉली म्हणाला. "मग झालंच की! व्हर्लिन, तुझीच ना ती विद्यार्थिनी?"

"ती ह्मोंग माणसं दिसेल त्यावर बाण सोडतात," शेजारच्या टेबलावरून कोणीतरी बोललं. डोरीन कॉफी ओतायची थांबली, मग पुढच्या कपाकडे वळली.

सगळे व्हर्लिनकडे बघत होते. तिने ते फाळ परत केले, हे त्याला माहीत होतं. बाकीचंही माहीत होतं.

"हलक्या धनुष्याने असं होऊ शकतं," तो म्हणाला.

वाक्यात खोटं काही नव्हतं. तरी कप उचलायचा सोडून व्हर्लिन दुसऱ्या हाताने दुखरा खांदा चोळत बसला.

तीन दिवसांनी काओली त्याच्या दारात आली. तो अंगणातली पानं एका हाताने गोळा करत होता. तिने छोटी पेटी उघडून त्याच्यासमोर धरली. आत सहा पक्के फाळ, धार लावून, तेल पुसून, ओळीने.

"सर, मोजा. सहा घेतले होते, सहा आहेत. मी या वर्षी अजून हरणावर एकही बाण सोडलेला नाही. ब्रेकसाहेबांनी मला रानात येऊ नको म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही, पण मला कळलं. ते तुमचं ऐकतील."

"बघतो," व्हर्लिन म्हणाला. "बोलतो मी त्यांच्याशी."

"आज बोलाल?"

"एक-दोन दिवसांत."

आर्डिसने तिला आत बोलावून कॉफी दिली, सफरचंदाच्या केकचा तुकडा बांधून दिला. ती गेल्यावर आर्डिसने तिचा कप सिंकमध्ये विसळला.

"व्हर्लिन, तुझं धनुष्य किती पौंडांवर आहे, ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. तू सांगशील म्हणून थांबलेय."

तो उठून पानं गोळा करायला गेला. एक-दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. ब्रेकच्या गोठ्यावरून जाणारा रस्ता त्याने टाळला. डोरीनकडे जाणंही सोडलं. आर्डिसला म्हणाला, कॉफीने पोटात जळजळ होते.

नोव्हेंबरच्या मध्यावर, बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी, ब्रेकचाच फोन आला. "तो नर माझ्या चाऱ्याच्या ढिगाऱ्यामागे पडलाय. उठत नाही. वनखात्याला विचारून मी त्याला गोळी घालून मोकळा करतोय. तू ये. तुला बघायचं असेल."

व्हर्लिन पोचला तेव्हा सगळं झालं होतं. नर कुशीवर पडला होता. एवढा हाडकुळा, की बरगड्या मोजून घ्याव्यात. खांद्याभोवती सूज होती आणि वास येत होता. ब्रेकने चाकूने फाळ बाहेर काढून पोत्यावर ठेवला होता. एक पातं उघडलेलं, हाडावर वाकलेलं. दुसरं तसंच मिटलेलं. त्याला उघडायलाही ताकद मिळाली नव्हती.

"बघ तुझी छत्री," ब्रेक म्हणाला. "म्हणते कशी, परत केले. हे तिला नेऊन दाखवतो आता."

"नको," व्हर्लिन म्हणाला. "माझा आहे तो."

"काय?"

"फाळ. माझा आहे. मी मारला. खांदा गेल्यापासून धनुष्य एक्केचाळीसवर आहे माझं. पक्के फाळ सरळ जात नव्हते, म्हणून हे आणले. तुझ्या कुंपणापर्यंत आलो होतो मागावर. तुला विचारायला आलो नाही."

ब्रेकने हातातला चाकू पोत्याला दोन्ही बाजूंनी पुसला.

"आणि त्या दिवशी हॉटेलात?"

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी त्या पोरीला माझ्या रानातून हाकललं, व्हर्लिन." ब्रेक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता. "तिला काय सांगू आता मी?"

"मी सांगतो."

तो तसाच, बुटांना चिखल लागलेला, दातांच्या दवाखान्यात गेला. खुर्च्यांवर दोन-तीन माणसं बसली होती. काउंटरवरच्या मुलीला वाटलं त्याची वेळ ठरलेली आहे. ती वहीत नाव शोधत बसली. तेवढ्यात काओली तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आली. व्हर्लिनने तिला बाहेर पार्किंगमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मान वर करून सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तिच्या पांढऱ्या बुटांकडे बघत सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही वर्गात मला हसलात, तेव्हा मला राग नव्हता आला. तुमचं बरोबर होतं. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, चांगले शिक्षक आहेत, चूक झाली की तोंडावर सांगतात."

तिने दवाखान्याच्या दाराकडे एकदा बघितलं.

"या दोन आठवड्यांत माझ्या वडिलांनी मला दोनदा विचारलं. खरंच तू नाहीस ना? माझ्या बापाने, सर."

"मी... मला माफ..."

"मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं मी नाही म्हणून. जिथे गप्प बसलात, तिथे जाऊन सांगा." तिने मास्क वर ओढला. "पेशंट थांबलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन डोरीनकडे गेला. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि बसायच्या आधीच सांगितलं. सगळं: पौंड, शहरातलं दुकान, साठ म्हणून मारलेली थाप, न केलेला फोन, आणि त्या सकाळचं वाक्य. त्याला वाटलं होतं, आता कोणीतरी उठून बाहेर जाईल. रॉली निदान शिवी तरी देईल.

रॉलीने खुर्ची सरकवली. "बस रे म्हाताऱ्या. होतं असं. माझाही एक गेला होता जखमी, पंच्याण्णव साली."

"खांद्याचं दुखणं वाईटच," शेजारच्या टेबलावरचा तो माणूस म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

डोरीनने न विचारता त्याच्यापुढे चेरी भरलेल्या गोड पाईचा तुकडा ठेवला. पाच मिनिटांत बोलणं बर्फाच्या अंदाजावर गेलं.

व्हर्लिन तो तुकडा बघत बसला. तिने मारला असं वाटत होतं तोवर मारणारा कसाई होता. त्याने मारला म्हटल्यावर खांद्याचं दुखणं झालं. एवढ्या सहज त्याला सोडून दिलं होतं, आणि सोडून देणाऱ्यांपैकी एकानेही तिचं नाव काढलं नव्हतं. तो काही बोलणार होता. शब्द जुळवेपर्यंत रॉली उठून दुकान उघडायला गेला. व्हर्लिनने पाईचा तुकडा खाल्ला नाही; पण तो मागे ठेवून गेला तर डोरीनला वाईट वाटेल म्हणून डब्यात घालून घेतला आणि घरी जाऊन आर्डिससमोर टेबलावर ठेवून रडला.

ब्रेकने काओलीला स्वतः जाऊन सांगितलं, रान तुझंच समज. ती आभार मानून म्हणाली, नको. त्या वर्षापासून ती नदीपलीकडच्या सरकारी जंगलात वडील-भावांबरोबर जाऊ लागली. तिकडे हरणं कमी आणि माणसं जास्त. पुढच्या हंगामात तिने एक मादी मारली, असं व्हर्लिनच्या कानावर आलं. बाण आरपार, चाळीस पावलांत पडली. किराण्याच्या दुकानात भेटली की ती मान हलवायची. थांबायची नाही.

व्हर्लिनने वनखात्याला पत्र लिहून वर्ग सोडतो म्हणून कळवलं. तिथल्या साहेबाने फोन करून समजूत घातली, दुसरं कोणी नाही म्हणाला, आणि व्हर्लिन राहिला. धनुष्य त्याने विकून टाकलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये फाळांच्या धड्याला त्याने स्वतःची गोष्ट सांगितली. एक्केचाळीस पौंड, उघडमिटीचा फाळ, खांद्याचं हाड, न केलेला फोन. एवढा मोठा शिकारी स्वतःची चूक सांगतोय म्हणून लोक भारावून गेले. संपल्यावर दोघांनी येऊन त्याचा हात हातात घेतला. घरी जाताना गाडीत त्याला कळलं, की हरणाची गोष्ट त्याने सांगितली होती, बाईची गाळली होती. हरणाची सांगून माणूस मोठा होत होता.

त्याच्या पुढच्या वर्षी त्याने तीही सांगितली. फार वाईट सांगितली. मध्येच थांबला, कागद शोधला, खाकरला. नाव घेतलं नाही, पण वर्गाला मी छत्री म्हणून हसवलं, हॉटेलात अमुक वाक्य बोललो, हे शब्दाला शब्द सांगितलं. या वेळी कोणी भारावलं नाही. मागच्या रांगेतला एकजण खुर्चीत चुळबुळला. पुढे बसलेल्या एका बाईने, पेन हातात तसाच धरून, विचारलं, "मग तिने माफ केलं का तुम्हाला?"

"मी विचारलेलं नाही," व्हर्लिन म्हणाला.

"का नाही विचारलं?"

"विचारलं, तर तिला उत्तर द्यावं लागेल."

बाईने ते वहीत लिहिलं नाही. व्हर्लिनने टेबलावर कापड पसरलं आणि पहिल्या रांगेतल्यांना आपापले फाळ घेऊन पुढे यायला सांगितलं.